गाणं आपल्या साडीचं, कॉम्प्युटर कुणाचा?

‘गुलाबी साडी’ ऐकलं नाही अशी मैत्रीण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सापडणं कठीण. हळदीला झालं, वरातीत झालं, शाळेच्या गॅदरिंगला तर चिमुरड्या पोरींनीही नाचून घेतलं. पण हे गाणं कुठल्याच सिनेमासाठी झालेलं नव्हतं, हे किती जणींच्या लक्षात आलं? २०२४ साली आलेलं हे गाणं संजू राठोडने लिहिलं आणि गायलं, संगीताची बाजू त्याच्या भावाने, जी-स्पार्क या नावाने सांभाळली. पोरं कुठली, तर जळगाव जिल्ह्यातली. म्हणजे मलकापूर ओलांडलं की पलीकडची!

त्याच वर्षी ‘तांबडी चामडी’ आलं. क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर या दोघांचं. परदेशात क्लबमध्ये नाचायला वाजतं ते हाऊस म्युझिक, शब्द मात्र अस्सल मराठी. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकर्ड्स या कंपनीने ते बाजारात आणलं.

अशी गाणी करायला वादकांचा ताफा लागत नाही, मोठा स्टुडिओही नाही. एक कॉम्प्युटर, माइक, हेडफोन, जमलंच तर छोटा कीबोर्ड. ढोलकीचा एक तुकडा रेकॉर्ड करायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्यावर दुसरा आवाज चढवायचा, नको तो कापायचा. गोधडीचे तुकडे जुळवावेत तसं हे काम. चिकाटीचं आणि एका जागी बसून करायचं.

आता ‘डीजे’ म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पडणारच. मिरवणूक दारावरून जाताना भांडी थरथरतात, तान्हं बाळ दचकून उठतं, आणि रात्री दहाचा नियम आहे तो कागदावर. माझाही त्याच्यावर राग आहे. पण तो राग भिंतीएवढे स्पीकर लावणाऱ्यांवर काढावा. घरात बसून गाणं घडवणारा त्यात कुठे आला?

मला खटकतं ते वेगळंच. गाणं आपल्या साडीवर, नऊवारीवर, आपल्या नटण्यावर. व्हिडिओत नाचायलाही आपणच. मग कोणता आवाज कुठे बसेल, ठेका किती जलद जाईल, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बाई का नाही? मराठीत तरी ती फारशी दिसत नाही.

आणि बाईला यंत्र जमत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याला गीता साराभाईंबद्दल सांगा. १९२२ सालचा जन्म. पखवाज हे पुरुषांचं वाद्य मानलं जायचं, त्या काळात त्या पखवाज शिकल्या. गुरू गोविंदराव बऱ्हाणपूरकर, म्हणजे आपल्या शेजारच्या बऱ्हाणपूरचे. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकेतून मूग सिंथेसायझर आला. वायरी आणि बटणांनी भरलेलं, विजेवर आवाज तयार करणारं यंत्र. त्यावर ज्या मोजक्या लोकांनी संगीत रचलं, त्यांत गीताबेनही होत्या. त्या टेपा कित्येक वर्षं पडून होत्या. त्यातलं निवडक संगीत २०२३ साली अल्बम म्हणून बाहेर आलं. ते ऐकायला गीताबेन नव्हत्या.

आजही अशा बायका आहेत. मुंबईची सनाया अर्देशीर ‘सॅनड्यून्स’ या नावाने संगीत करते. अमेरिकेत राहणाऱ्या आरुषी जैनने २०२१ साली सिंथेसायझरवर संध्याकाळच्या रागांचा आख्खा अल्बम केला. पण ती झाली मोठ्या शहरांतली नावं.

माझ्या ओळखीत चिखलीकडची एक मुलगी आहे, बारावीतली. बँडलॅब नावाचं फुकट ॲप मोबाइलवर घेऊन ती ठेके जुळवते. मोबाइल भावाचा, तो जेवायला घरी आला की तेवढाच वेळ हातात. घरात लॅपटॉप आहे, तोही भावाचाच, डिप्लोमासाठी घेतलेला. आईला विचारलं तर म्हणते, “पोरीले काय कराचं हाय त्याचं? उद्या सासरी जाईन ते.” मी म्हटलं, अगं, शिलाई मशीन देतेस ना तिला? मग रोज तासभर लॅपटॉप दे. तिने अजून ‘हो’ म्हटलेलं नाही.

या मुलीने काय रेकॉर्ड केलंय माहितीये? आजीच्या जात्यावरच्या ओव्या. विजेची चक्की गावोगाव आली आणि जात्यासोबत ओव्याही मागे पडल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात आज त्या वाचता-ऐकता येतात. यंत्राने एकदा बायकांचं गाणं बंद पाडलं. ही पोर दुसऱ्या यंत्रावर ते पुन्हा चालू करतेय, तेही उसन्या मोबाइलवर, भावाचं जेवण होईपर्यंत.

ओवीखाली तिने ठेका टाकला आणि हेडफोन आजीच्या कानाला लावला. आजीने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “जातं एवढं भराभर नाही फिरत वं माय, पीठ जाडं येईन.”

पोरीने ठेका हळू केला.