शब्द पाठ, बोलणे मात्र अडलेलेच!
विशेष प्रतिनिधी

पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, त्यात १७ जूनला झालेला बदल आणि अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती, असा हा प्रवास होता. इवल्याशा मुलाच्या डोक्यावर किती भाषांचे ओझे द्यायचे, यावर हिरीरीने मते मांडली गेली. मात्र पहिलीच्या वर्गात ठाण मांडून बसलेल्या इंग्रजीचे नेमके काय झाले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

जून २००० मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी या शाळांतील मुलांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. निर्णयाला तेव्हा विरोधही झाला; पण बहुजन समाजातील मुलांना नोकरीच्या बाजारात मागे राहावे लागू नये, ही त्यामागची भूमिका पालकांना पटली. त्या पहिल्या तुकडीतील मुले आज तिशी ओलांडत आहेत. तरीही मुंबई, पुणे, नाशिककडे रेल्वे स्थानकाबाहेरच्या ‘इंग्लिश स्पीकिंग’च्या पाट्या काही उतरलेल्या नाहीत. दहा वर्षे शाळेत इंग्रजी शिकलेल्या तरुणाला पुन्हा पैसे मोजून ‘बोलायला’ शिकावे लागते.

देशाच्या ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ पाहणीचे आकडेही बोलके आहेत. साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी पाचवीची मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये ती २४.५ टक्के निघाली. आठवीत हे प्रमाण ४५.३ वरून ४६.७ टक्क्यांवर गेले. म्हणजे सहा वर्षांत चित्र जागचे हललेले नाही, आणि ही गोष्ट नुसत्या वाचनाची आहे, बोलणे पुढचे.

दोष मुलांच्या बुद्धीत नाही. कोणते शब्द शिकवायचे आणि ते कसे, याचा विचारच तोकडा पडतो. ‘झेड फॉर झेब्रा’ सगळ्यांना येते. झेब्रा आयुष्यात कितीदा लागतो? उलट ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘मेक’ ही चिमुकली क्रियापदे पावलोपावली लागतात. त्यांना ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘अप’ अशी शेपटी जोडली की अर्थ पार पालटतो, आणि नेमकी तीच वर्गात घाईघाईने उरकली जातात.

सर्वाधिक वापरातले शब्द आधी शिकवावेत, हा विचार नवा नाही, आणि त्याचे एक मूळ भारतीय उपखंडातच आहे. मायकेल वेस्ट या ब्रिटिश शिक्षणाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात ढाक्यात बंगाली मुलांसाठी मर्यादित शब्दांची वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील पाचांपैकी चार शब्द या यादीत सापडतात. वृत्तपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीविना वाचायची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा २००६ मधील हिशेब आहे. पण ती पुढची मजल झाली. पहिले दोन हजार शब्द पक्के असले, तर निदान पुढे जायला वाट तरी राहते.

नुसते शब्द जमवून मात्र भागत नाही. मराठीत परीक्षा ‘देतात’, इंग्रजीत ती ‘टेक’ करतात. मराठीत चूकही ‘करतात’ आणि गृहपाठही ‘करतात’. इंग्रजीत चुकीला ‘मेक’ लागते, गृहपाठाला ‘डू’. मराठीत भूक ‘लागते’, ताप ‘येतो’. इंग्रजी माणूस स्वतःच ‘हंग्री’ असतो आणि ताप त्याच्याकडे ‘असतो’. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा विद्यार्थी येथे हमखास घसरतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी काही पिढ्यांना व्याकरणाची शिस्त लावली हे खरेच. पण भाषांतराच्या त्या सवयीने प्रत्येक वाक्य आधी मराठीत जुळवण्याचा रिवाजही पडला.

सौजन्याची अडचण याहून नाजूक आहे. ‘पाणी द्या’ या वाक्यातला आदर ‘द्या’ या रूपातच असतो. त्याचे ‘गिव्ह मी वॉटर’ केले की तो आदर गळून पडतो आणि नम्र मुलगा समोरच्याला उर्मट वाटतो. इंग्रजीत तो आदर ‘कुड आय हॅव’ यासारख्या अख्ख्या वाक्प्रयोगात असतो. तो सुटा करून शिकवता येत नाही, तसाच तोंडी बसवावा लागतो. मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुकतमुक’ अशी सुरुवात करणाऱ्या उमेदवाराची थट्टा होते. पण हा प्रयोग सिद्ध काय करतो? वारंवार कानी पडलेला साचा, चुकीचा का होईना, जन्मभर टिकतो. मग बरोबर साचेच कानावर का पडू नयेत?

शहरी मुलाकडे तर शाळेत येण्यापूर्वीच ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘डॉक्टर’, ‘चार्जर’ असे कितीतरी शब्द असतात. या शिदोरीची दखल कुणी घेत नाही. अर्थात तिच्यातही खाचखळगे आहेत : आपल्याकडे ‘हॉटेला’त मिसळ खातात, इंग्रजांच्या ‘हॉटेला’त मुक्काम करतात!

बोलण्याला परीक्षेत काय किंमत आहे, हे २०१९ च्या दहावीच्या निकालाने दाखवले. त्या वर्षी भाषा विषयांचे शाळांकडून दिले जाणारे २० गुण बंद झाले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले. तोंडी परीक्षेत मुले खरोखर दोन वाक्ये बोलतात का, यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. खैरात म्हणून वाटले जाणारे गुण मुलांना उत्तीर्ण करतात, बोलते करत नाहीत.

२०२२-२३ मध्ये पहिलीच्या मराठी पुस्तकांत इंग्रजी शब्द आणि छोटी वाक्ये देणारी द्विभाषिक पुस्तके आली. परिचित वस्तूला लागूनच इंग्रजी शब्द यावा, ही कल्पना चांगली आहे. पण पुस्तक स्वतः बोलत नाही. बोलतात ते गुरुजी आणि बाई, आणि त्यांचे शिक्षण बहुधा मराठीतूनच झालेले असते. शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात गेल्या दशकात प्राथमिक शिक्षकांचे गट एकत्र बसून इंग्रजी अध्यापनाचा सराव करत होते. असे गट प्रत्येक केंद्रात नियमित भरवायला फार मोठा निधी लागत नाही. ‘दार लाव’, ‘पुन्हा सांग’, ‘तुझी पाळी’, ‘मला कळले नाही’ अशी वर्गात रोज लागणारी चाळीस-पन्नास वाक्ये शिक्षकांनी वर्षभर इंग्रजीतून न संकोचता वापरली, तर मुले ती पाठ न करताच उचलतील. त्यासाठी नव्या शासन निर्णयाचीही गरज नाही.