कर्ज फिटते, ओढ उरते

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. रमीच्या ॲपवरचे पैशांचे डाव थांबले. ओढ कायद्याने थांबत नाही. दारू पुन्हा सुरू झाली तर वासावरून घरी कळते, जुगाराला वास नसतो. पगाराच्या दिवशी हात फोनकडे जातो आणि ‘गेलेले एकदाच काढून घेऊ’ हा विचार डोके वर काढतो. हा विचारच फास. म्हणून सावरू पाहणारा माणूस एटीएम कार्ड बायकोच्या हाती देतो, खिशात एसटीच्या भाड्यापुरते पैसे ठेवतो, मित्रांच्या उसनवारीचा हिशेब वहीत लिहून काढतो. कमावत्या माणसाच्या मनाला हे फार लागते. घरच्यांनी त्यावर टोमण्यांचे मीठ चोळू नये. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच जुगाराला व्यसनविकारांच्या वर्गात घातले. आपल्याकडे अजून त्याला नालायकपणा म्हणतात. हे चूक आहे. सावरताना माणूस पुन्हा घसरू शकतो, तेव्हा त्याच्यासाठी दार बंद करू नका. बोलायला कोणीच नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.