न तपासता दिलेले प्रमाणपत्र

भातलावणीचे दिवस आहेत. तळेघरच्या डोंगरपट्ट्यात पाऊस उघडीप देत नाही, खाचरांत चिखल आणि बांधावर गवत माजलेले. अशा वेळी कोणाच्या पायाला साप चावला, तर घरातल्या तरुण पोराचा हात आधी मोबाइलकडे जातो. रेंज मिळाली की पडद्यावर उपाय हजर होतात : अमुक मुळी उगाळून लावा, दंशाच्या वर दोरी आवळा, ब्लेडने चिरा देऊन रक्त काढा. प्रत्येक चित्रफितीखाली पसंतीचे अंगठे मोजलेले असतात. ज्याच्याखाली अंगठे जास्त, तो उपाय खरा वाटतो. घाबरलेल्या माणसाच्या हाताशी दुसरे माप नसते.

हे तिन्ही उपाय घातक आहेत. मुळी उगाळण्यात वेळ जातो. आवळलेल्या दोरीने पायाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. तिथे चिरा दिला तर रक्त थांबत नाही. तरीही असे उपाय 'लागू पडल्याचे' प्रामाणिकपणे सांगणारी माणसे भेटतात, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. जो तसाही वाचणार होता, त्याचे श्रेय मुळीला जाते. माणसांची खरी मतेसुद्धा अशी चुकतात. मग जी मते माणसाने दिलेलीच नाहीत, त्यांचे काय?

अशी मते असतात आणि त्यांचा धंदाही चालतो. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने समाजमाध्यमांवर बनावट अनुयायी आणि लाइक पैसे घेऊन पुरवण्याच्या व्यवहाराचा तपास सुरू केला. एका गायिकेच्या नावाने काढलेल्या बनावट खात्याची तक्रार हे त्याचे निमित्त होते. तिथे फसवणूक उघड होती. पण याच प्रश्नाचे दुसरे, अधिक सभ्य दिसणारे रूप आहे. त्यात मत देणारे खाते खरे असते, खातेदार खरा असतो. फक्त मत देताना तो हजर नसतो.

२०१६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले 'स्टीमिट' हे याचे चांगले उदाहरण. इथे लेख लिहिणाऱ्याला वाचकांच्या मतांनुसार आभासी चलनात मोबदला मिळतो आणि मत देणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो. ऑगस्ट २०१९ पासून हा वाटा निम्मा झाला. ज्याच्याकडे चलन जास्त, त्याच्या मताचे वजन जास्त. पूर्ण ताकदीचे एक मत दिले की मतशक्ती दोन टक्क्यांनी घटते आणि दिवसाला वीस टक्के भरून येते. म्हणजे रोज साधारण दहा मते. शक्ती शंभर टक्के भरली की पुढची वाया जाते. साहजिकच लोकांनी यंत्राला कामाला लावले. ठरावीक लेखकांची यादी द्यायची. त्यांचा लेख आला की काही मिनिटांत बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्राम, मत टाकून मोकळा. खातेदार झोपेत असतो आणि लेख कोणीही वाचलेला नसतो. पुढे तर पैसे घेऊन मत देणारे बॉटही आले.

यात चुकले कुठे, असे विचारले जाते. खाते आपले, चलन आपले, नियमही मोडलेला नाही. चूक समजायला दवाखान्यातले एक साधे उदाहरण पुरेसे आहे. डॉक्टर रुग्णाला न तपासता तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही करतो. सही खरी, शिक्का खरा, कागद सरकारी. माणूस कदाचित खरोखर तंदुरुस्तही असेल. तरीही तो दाखला खोटा आहे, कारण 'मी तपासले' असे त्या सहीत गृहीत असते. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत खोटे किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र देणे हे गैरवर्तन ठरवले आहे. पसंतीचे मतही अशीच एक छोटी सही असते. 'मी हे वाचले आणि मला ते मोलाचे वाटले' एवढाच तिचा अर्थ. बॉटच्या मतात तपासणी नसते, फक्त सही असते.

या सहीचा परिणाम किती होतो, हे मोजले गेले आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर पाच महिने वाचकांच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रिया घेण्यात आल्या. त्यांतल्या काहींना, मजकूर न पाहता, संशोधकांनी सुरुवातीलाच एक पसंतीचे मत देऊन टाकले, काहींना नापसंतीचे, तर बाकीच्यांना काहीच दिले नाही. ज्यांना ते फुकटचे पसंतीचे मत मिळाले, त्यांना पुढच्याच वाचकाकडून पसंती मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे सरासरी गुणही २५ टक्क्यांनी जास्त निघाले. नापसंतीचे खोटे मत मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढले. खोटी निंदा समाज दुरुस्त करतो, खोट्या स्तुतीमागे तो चालू लागतो. तिथे एका मताने एवढे घडले. बॉट पहिल्या काही मिनिटांत अशी कितीतरी मते टाकतो.

बॉट वापरणाऱ्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. ते म्हणतात, हा लेखक नेहमी चांगलेच लिहितो, प्रत्येक लेख वाचायची गरज काय? आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा करणाऱ्याला याचे उत्तर सहज सुचेल. गेल्या वर्षी माल चांगला होता म्हणून व्यापाऱ्याने यंदा पोते न उघडताच भाव दिला, तर पहिल्या हंगामात सगळे खूश होतील. दुसऱ्या हंगामात हिरडा नीट वाळवण्या-निवडण्याचे कष्ट घेणारा स्वतःलाच वेडा म्हणवून घेईल. स्टीमिटसारख्या ठिकाणी मोबदल्याची रक्कम एका सामाईक साठ्यातून वाटली जाते. न वाचलेल्या लेखाला मिळालेला प्रत्येक पैसा मेहनतीने लिहिलेल्या दुसऱ्या लेखाच्या वाट्यातून जातो. म्हणून 'चलन माझे, मर्जी माझी' हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरे म्हणणे असे, की न वापरलेली मतशक्ती वाया जाते, मग यंत्र लावले तर बिघडले काय? वाया जाणाऱ्या मताची हळहळ समजू शकते. पण ओपीडी संपताना कोऱ्या उरलेल्या दाखल्यांवर कोणी सह्या करून ठेवत नाही. मुळात मोबदला वाचनाला नसून मतांच्या संख्येला दिला जातो, तेव्हा यंत्राला आमंत्रण नियमांनीच दिलेले असते. दोष वापरणाऱ्याचा आहे, पण नियम बनवणाऱ्यांचा जास्त आहे.

याचा अर्थ यंत्र वाईट असा नाही. प्रयोगशाळेतले यंत्र रक्तपेशी माणसापेक्षा भरभर आणि नेमक्या मोजते. पण त्यात रक्ताचा नमुना घालावा लागतो. नमुन्याशिवाय निघालेला अहवाल हा गुन्हा आहे, मग यंत्र कितीही महाग असो. स्टीमिटवरच 'चीता' नावाचा एक बॉट होता. दुसरीकडून उचललेल्या मजकुराशी साम्य दिसले की तो लेखाखाली तशी टीप टाकत असे. तो निदान मजकूर तपासत होता आणि आपण यंत्र आहोत हे लपवत नव्हता. न वाचता दिलेली मते या दोन्ही कसोट्यांवर नापास होतात.

उपाय अवघड नाहीत. यंत्राने दिलेली मते वेगळी दाखवावीत, लोकांच्या मतांत ती मिळवू नयेत आणि त्यांवर मोबदला देऊ नये. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण अभिप्राय देणारी व्यक्ती खरी असावी हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. आरोग्यविषयक मजकुराला तरी हे तत्त्व सक्तीने लागू व्हावे. फ्रिज चांगला निघाला नाही तर पैसे बुडतात. उपचार चुकीचा निघाला तर माणूस जातो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यांतले.

तोवर वाचकाने अंगठे मोजणे सोडून सांगणारा कोण, त्याने स्वतः काय पाहिले आणि चुकले तर जबाबदार कोण, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि साप चावलाच तर मोबाइल उचलावा तो १०८ ला फोन करण्यासाठी. चावलेला हात-पाय हलू देऊ नये, फळीचा आधार द्यावा, दोरी नाही, चिरा नाही आणि थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा खाली घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. विषावर उतारा प्रतिविषाचाच.

याच तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. त्याने जाऊन खबर दिली आणि मदत हलली. त्या खबरीला एकही अंगठा मिळालेला नव्हता. सांगणारा स्वतः पाहून आला होता, एवढे पुरेसे होते.