माकडताप: रोग जंगलात नव्हे, जंगल आणि बागेच्या सीमेवर वाढतो

काजूचा हंगाम आला की सिंधुदुर्गातील दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातील सत्तरी भागात माकडतापाची भीती सुरू होते. लगेच 'माकडांचा बंदोबस्त करा' अशी मागणी होते. पण माकड या आजाराचे मूळ नाही, तेही याचा बळी आहे.

आजार कसा होतो?
१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला. म्हणून त्याचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच केएफडी. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. रुग्णाकडून दुसऱ्याला होत नाही.

आपला संबंध कुठे येतो?
जंगल तोडून मधे बागा झाल्या. गुरे जंगलात चरतात, त्यांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या जातात आणि त्यांची संख्या वाढते. आजारी माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी पाचोळ्यात उतरतात. डिसेंबर ते मे या काळात गोचिडीची बारीक पिल्ले जास्त असतात. नेमके तेव्हाच आपण काजू बी, लाकूडफाटा आणि पातेरा गोळा करायला जातो. सिंधुदुर्गात २०१६ पासून रुग्ण आढळले, त्यामागे हीच साखळी आहे. माकडे मारून ती तुटत नाही.

लक्षणे
चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या आणि कधी रक्तस्राव होतो. काही रुग्णांचा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. तेव्हा थरथर, दृष्टिदोष किंवा गोंधळलेपणा दिसू शकतो. १०० रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ दगावतात.

काय करावे?
• पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल लावा.
• पाचोळ्यावर बसू नका. घरी येताच साबण लावून गरम पाण्याने अंघोळ करा आणि कपडे गरम पाण्यात धुवा.
• चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. ती चिरडू किंवा जाळू नका.
• गुरांवरील गोचिडींसाठी पशुवैद्यकांचा सल्ला घ्या.
• मेलेले माकड दिसल्यास हात न लावता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. तो गावासाठी धोक्याचा इशारा असतो.

डॉक्टरांना काय सांगाल?
ताप आला तर 'मी जंगलात किंवा बागेत गेलो होतो' हे न विसरता सांगा. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची पीसीआर तपासणी उपयोगी ठरते. रक्तस्रावाचा धोका असल्याने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. विषाणूवर थेट औषध नाही, पण वेळेवर दाखल झाल्यास सलाईन आणि देखरेखीने बहुतेक रुग्ण बरे होतात.

बागेत जाणे थांबवता येणार नाही, कारण पोट त्यावर आहे. म्हणून जाताना आणि परतल्यावर घेतलेली काळजी हेच आज तुमचे सर्वांत मोठे संरक्षण आहे.