आधी निदान, मग दुरुस्ती



उसाचं पान पिवळं दिसलं की आपल्यातले पुष्कळ जण लगेच युरियाचं पोतं फोडतात. फडावर माझं सांगणं एकच असतं, आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे, तिथे युरियाचा पैसा वाया जातो. घरातल्या यंत्रालाही हाच हिशेब लागू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वळवात विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी गटात तक्रार ठरलेली, "साहेब, साउंड बंद पडला!" ऊस बिलातून हौसेने घेतलेली वस्तू. कोणी तरी म्हणतो, "कार्ड जळलं, नवीन घ्या," आणि माणूस खर्चात पडतो. गेल्या वैशाखात माझ्या घरीही हेच झाले. ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला होता. तो का उडाला हे न पाहता मी शहाणपणा केला आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. बटण दाबताच आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. फ्यूजने वाचवलेली वस्तू मी स्वतःच्या हाताने जाळली.

म्हणून क्रम सांगतो. वादळानंतर घाईने काही चालू करू नका. घरातले काही बल्ब मंद आणि काही फार लख्ख पेटत असतील तर खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. सगळे ठीक असेल तर सॉकेटला दुसरा बल्ब लावून वीज येते का ते पाहा. यंत्राला जळका वास असेल तर पुढे जाऊच नका. जुन्या ॲम्प्लिफायरला मागे काचेचा फ्यूज असतो. प्लग काढून तो तपासा व तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा बसवा. तोही उडाला तर थांबा, बिघाड आत आहे. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

दिवा लागतो पण आवाज नाही, अशा वेळी पेन ड्राइव्ह किंवा मोबाईल जोडून पाहा. गाणे वाजले तर साउंड शाबूत आहे, दोष टीव्हीच्या केबलचा, सेट-टॉप बॉक्सचा किंवा त्या जोडणीचा. एकच स्पीकर मुका असेल तर यंत्र बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी यंत्राच्या बाजूने अदलाबदल करा. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष त्याचा किंवा त्याच्या वायरीचा, आणि आता दुसरा मुका झाला तर दोष यंत्राचा. एवढे पाहून मेकॅनिककडे गेलात तर कोणी तुम्हाला सहज फसवणार नाही.

पण खरे दुखणे वेगळेच आहे. आपण साउंडला हजारो रुपये घालतो, आणि अर्थिंगची तार कुठे गाडली आहे हे घरमालकाला ठाऊक नसते. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डही अर्धेच काम करतो. शिवाय वीज नुसती लाईटच्या तारेने येत नाही, छपरावरच्या डिशच्या केबलनेही घरात शिरते. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण ती बटणातले अंतर सहज ओलांडते. आभाळ भरून आले की प्लग आणि केबल दोन्ही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नका.

आणि यंत्रापेक्षा माणूस मोठा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर फड सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. साउंड पुढच्या बिलातही घेता येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी