गृहयंत्रविचार : पडदा, प्रोजेक्टर आणि तारांचा गुंता

भिंतीवर चित्रें पाडण्याची हौस आपल्या लोकांस नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनीं कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या उजेडानें पडद्यावर हालवून दाखविलीं व त्या खेळास 'शांबरिक खरोलिका' असें नांव दिलें, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक असेल. त्या खेळांत दिवा आणि कांच यांचें जमलें कीं काम भागे. आजच्या प्रोजेक्टरचें तसें नाहीं. यंत्र उत्तम, पडदा स्वच्छ, मंडळी जमलेली, आणि भिंतीवर मात्र 'सिग्नल नाहीं' एवढींच अक्षरें!

हा प्रसंग गतवर्षीं आमच्याच घरीं ओढवला. आमच्या धाकट्या भगिनीच्या १९९१ मधील विवाहाची व्हीएचएस फीत माळ्यावरच्या ट्रंकेंत सांपडली. तींत तीर्थरूप अण्णांनीं स्वतः म्हटलेलीं मंगलाष्टकें आहेत. अण्णांस जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या आवाजाची दुसरी खूण घरांत नाहीं. मातोश्रींचें वय ८७. दृष्टि अधू, म्हणून मोठ्या पडद्याचा घाट.

फीत चालविणाऱ्या जुन्या यंत्रास पिवळें, तांबडें व पांढरें अशीं तीन भोकें असतात. पिवळ्यांतून चित्र, उरलेल्या दोहोंतून उजवा व डावा ध्वनि. नव्या प्रोजेक्टरास बहुधा एचडीएमआयचेंच तोंड असतें. ही पद्धति २००२ मध्यें निघाली. तींत चित्र व ध्वनि एकाच तारेंतून अंकरूपानें जातात. जुनी लहर आणि नवे अंक यांची भाषाच निराळी, तेव्हां केवळ तार बदलून भागत नाहीं. मध्यें दुभाष्या, म्हणजे कन्व्हर्टर, लागतो. आम्ही तो आणला, आणि येथेंच फसलों. दिसावयास हुबेहूब सारख्या दोन डब्या मिळतात : एक जुन्यावरून नव्याकडे नेणारी, दुसरी नव्यावरून जुन्याकडे. आमच्या पदरीं दुसरी पडली. मातोश्री दहा वाजेपर्यंत खुर्चींत बसून राहिल्या, मग "उद्यां बघूं हो" म्हणून निजावयास गेल्या. त्या शब्दांनीं आम्ही जेवढे ओशाळलों, तेवढे कोणी रागें भरलें असतें तरी ओशाळलों नसतों.

वाचकांनीं डबी घेतांना 'इन' व 'आउट' कोठें लिहिलें आहे तें आधीं पाहावें. तिला निराळी वीज लागते, तीहि तार विसरूं नये. प्रोजेक्टरांत योग्य तोंड निवडावें. निम्मे बिघाड एवढ्यानेंच दूर होतात. चित्राचें प्रमाण चारास तीन ठेवावें, नाहीं तर नवरानवरी दोघेंहि उगाच स्थूल दिसतात.

दुसऱ्या रात्रीं चित्र उमटलें. परंतु प्रोजेक्टरचा अंगचा आवाज अगदींच क्षीण. चिरंजीवांनीं ब्लूटूथचा स्पीकर जोडला, तर शब्द ओठांच्या मागून येऊं लागले. तरुणांस हें खपतें. पण ऐकूं कमी येणारीं वृद्ध माणसें ओठ पाहूनच अर्धें ऐकतात. शेवटीं प्रोजेक्टरच्या ध्वनीच्या भोकांतून साधी तार काढून जुन्या स्टीरिओस दिली, आणि ओठ व शब्द जुळले.

सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप इत्यादि नव्या साधनांस ही यातायात नसते. एक एचडीएमआय तार पुरते. मात्र ती दहा मीटरांपलीकडे नेल्यास चित्र तुटण्याचा संभव असतो, आणि यूएसबी-सी तोंडाचा प्रत्येक मोबाइल चित्र बाहेर देतोच असें नाहीं. चित्रपटाच्या जागीं नुसता काळोख दिसला, तर बहुधा नक्कल रोखण्याची सांकेतिक पडताळणी फसलेली असते. यंत्र मोडलें नसतें.

फितींविषयीं मात्र दिरंगाई नको. आपल्या दमट हवेंत त्यांवर बुरशी धरते, व तशी फीत यंत्रांत घातल्यास यंत्रहि बिघडतें. शिवाय नवीं यंत्रें मिळत नाहींत; जपानच्या फुनाई कंपनीनेंहि २०१६ च्या जुलैंत तीं करणें थांबविलें. म्हणून फीत चालेल त्याच वेळीं तिची संगणकावर नक्कल करून घ्यावी. आम्ही ती त्याच रात्रीं केली.

मंगलाष्टकें सुरू झालीं तेव्हां मातोश्रींनीं पदर सांवरला. "ह्यांचाच आवाज. तिसऱ्या कडव्याला खोकला आला होता, तो येतो का बघ." तो आला. मग त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव रे, पहिल्यापासून."