ऊन चढायच्या आत

एप्रिल लागला की हैदराबादच्या मराठी घरांतून एक प्रश्न रोज ऐकू येतो : "आई, आज कुठे जायचं?" पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असे. परीक्षा संपली की मुलं नांदेडला, परभणीला, उदगीरला आजोळी जात आणि शाळा उघडायच्या तोंडावर काळी ठिक्कर होऊन परत येत. आता कित्येक घरांत आजी-आजोबाच इकडे राहायला आलेत. मुलांची सुट्टी कूलरसमोर, हातात मोबाइल घेऊन जाते. "बाहेर बेचाळीस डिग्री आहे, कुठे नेऊ?" असं आपण म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण ते दुपारी दोनचं उत्तर झालं. सकाळी सहाचं नव्हे.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे आणि हवा कोरडी आहे. त्यामुळे दुपार कितीही तापली तरी पहाटेपर्यंत पारा बराच उतरतो. उजाडल्यापासून साडेआठपर्यंतचे दोन-अडीच तास हा उन्हाळ्यातला मुलांचा हक्काचा वेळ. आपण मात्र रविवारी आठला उठतो, पोहे होतात, अंघोळी होतात, डबे भरले जातात आणि घराबाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात. मग तापलेली घसरगुंडी, रडणारं पोर, चिडलेले बाबा, आणि परतताना एकमुखाने ठराव : पुन्हा नको! अशा सहलीने मुलांना बाहेरची गोडी लागत नाही, धसका बसतो.

सकाळीच निघायचं, तर बागेआम, म्हणजे नामपल्लीचं पब्लिक गार्डन, सगळ्यात सोयीचं. जुनी डेरेदार झाडं, भरपूर सावली, पळायला मोकळी जागा. मेट्रोने असेंब्ली स्थानकावर उतरलं की बाग जवळच. पोरांना बागेइतकीच मेट्रोचीही मौज वाटते, हा वरचा फायदा. बंजारा-ज्युबिली हिल्सकडच्यांना केबीआर पार्क आहे. १९९८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या या जंगलात सकाळी मोर हमखास दिसतो. आणि मोर नाहीच दिसला, तर दगड दाखवा. हैदराबादचे हे एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत. डायनासोरच्या पुष्कळ आधीचे म्हटलं की सात-आठ वर्षांच्या मुलाचे डोळे कसे मोठे होतात ते पाहा.

याच दगडांमुळे आपल्याकडची संध्याकाळ फसवी असते. दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता ते, आणि डांबरी रस्तेही, अंधार पडेपर्यंत बाहेर टाकत राहतात. मूल आपल्यापेक्षा बुटकं, म्हणजे जमिनीच्या जास्त जवळ. पाच वाजता आपल्याला 'आता बरं वाटतंय' असं वाटतं तेव्हा त्याला झळ लागतच असते. हुसेनसागरावर जायचं तर साडेसहानंतरच जा. बुद्धाच्या पुतळ्यावरचे दिवे लागलेले असतात, वाराही सुटतो. (वाऱ्याची दिशा पाहून बसा. उन्हाळ्यात त्या तळ्याला कसा वास येतो ते आपल्याला ठाऊक आहेच.)

प्राणिसंग्रहालयाचं दार सकाळीच उघडतं. उघडल्याबरोबर आत शिरा. ३८० एकर एका फेरीत पालथे घालायचा हट्ट नको. वाघ, हत्ती आणि मुलाला हवा तो आणखी एक प्राणी पाहून दहा-साडेदहाला बाहेर. दुपारी तिथे वाघसुद्धा सावलीला पडून असतो, त्याला कळतं ते आपल्याला कळू नये का? सोमवारी मात्र बंद असतं. गोवळकोंडा एप्रिल-मेमध्ये नकोच. टाळीचा आवाज वर बालाहिसारापर्यंत पोचतो हे मुलांना दाखवायलाच हवं, पण त्या साडेतीनशे पायऱ्या डिसेंबरसाठी राखून ठेवा.

आता जरा काळजीचं. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, लगेच वाळतो. त्यामुळे मूल किती सुकलं ते कळत नाही. खेळात रंगलेलं मूल पाणी मागत नाही, म्हणून मागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. सैल सुती कपडे, कडा असलेली टोपी, आणि डब्यात दहीभात किंवा काकडी पुरे. तळलेलं घरी. दंगा करणारं मूल एकदम गप्प झालं, किरकिर करू लागलं, लघवी कमी आणि गडद पिवळी झाली, तर सहल तिथेच संपवायची. सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला, ओआरएस पाजा. अंग तापून ते असंबद्ध बोलू लागलं, गुंगलं किंवा सारखी उलटी होऊ लागली, तर मात्र तोंडाने काही न देता, अंग भिजवत थेट दवाखाना गाठायचा. आणि 'दोनच मिनिटं' म्हणून बंद गाडीत मुलाला कधीही ठेवू नका. काच थोडी खाली असली तरीही गाडी भट्टीच होते.

परतीच्या वाटेवर या दिवसांत मुंजल विकणारे बसलेले असतात. आपले ताडगोळेच ते. आधीच सोलून ठेवलेले घेऊ नका, समोर फोडून घ्या. किंमत मुलालाच विचारू द्या. विकणाऱ्याची दखनी त्याला सहज कळेल, कारण तिथला 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ आहे. गर खाताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून एक जुना पंचा पिशवीत असू द्या. नऊला घरी पोचलात की अंघोळ, जेवण, आणि दुपारी पोरं न सांगता झोपतात. तेवढे दोन तास आईचे.